बहिरी बोट

तू नेमकं काय काम करतेस, असं कोणी विचारलं की नेरिडा स्पॉल्डिंग म्हणायची, "भांडणं सोडवते." परका माणूस तिला वकीलच समजायचा. पण ती भांडणं असायची यंत्रांची. ऑस्ट्रेलियाखालच्या टास्मानिया बेटाच्या पार दक्षिण टोकाला स्टॅनर्स बे म्हणून बारकंसं बंदर आहे, तिथे शेवंडं, म्हणजे मोठाले समुद्री झिंगे, पकडणाऱ्या बोटींचं वायरिंग ती करायची. बोटीची केबिन ती केवढी, न्हाणीघराएवढी. तेवढ्यात वायरलेस, रडार, पाण्याची खोली मोजायचं यंत्र, शेवंडांच्या टाकीचा पंप, फ्रिज आणि चहाची किटली सगळं कोंबलेलं. प्रत्येक यंत्र काम करताना थोडा कलकलाट करतं. माणसाला तो ऐकू येत नाही, शेजारच्या यंत्राला मात्र येतो. पंप सुरू झाला की खोलीचा आकडा नाचायला लागतो, फ्रिजने घुर्रर्र केलं की वायरलेसवर खरखर येते, आणि बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, शिव्या देत नेरिडाचं दार ठोठावतो.

खिशात एक जुना ट्रान्झिस्टर घेऊन ती बोटीवर चढायची. तो प्रत्येक तारेजवळ धरून, मान वाकडी करून ऐकायची. जिथे तो जास्त किरकिर करायचा तिथे चोर सापडला असं समजायचं. मग तिचे उपाय ठरलेले होते. भांडकुदळ तार दुसरीपासून लांब न्यायची. जोडीच्या दोन तारा वेणीसारख्या एकमेकींत पिळायच्या. कलकलाटी यंत्र पत्र्याच्या डबीत कोंडायचं. आणि तारेवर फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाची काळी कडी बसवायची, म्हणजे कलकलाट तिथेच अडतो. ही कडी ती मूठमूठ वापरायची. बंदरातले लोक तिला खरखरीची डॉक्टरीण म्हणत, आणि बोटीवर केळं आणू नये, शिट्टी वाजवू नये, तसं नेरिडाच्या तारांना हात लावू नये, हाही तिथला नियमच होऊन बसला होता.

ही बाई समुद्राला भयंकर घाबरायची. तिची सगळी कामं धक्क्याला बांधलेल्या बोटींवर. बंदराच्या तोंडाबाहेर ती जन्मात गेली नव्हती. होबार्ट शहरातल्या दुकानात टॅक्स्यांचे वायरलेस दुरुस्त करणारी मुलगी, तिने नेमका तांडेलच नवरा केला. केल स्पॉल्डिंग म्हणजे आडदांड, हसरा, आणि 'मला कशाची भीती वाटत नाही' असं मनापासून सांगणारा माणूस. त्याची बोट 'आयरिस', त्याच्या आईच्या नावाची. केल समुद्रावर असला की नेरिडाच्या घशाखाली दुपारपर्यंत घास उतरत नसे. चार वाजता वायरलेसवर हजेरी व्हायची, त्यात 'आयरिस' बोलली की मगच तिला भूक लागायची.

त्या हजेरीबद्दल सांगायलाच हवं. बंदरावरच्या टेकाडावर एक लाकडी खोली आहे. तिथून थेल्मा नावाची म्हातारी गेली कित्येक वर्षं रोज चार वाजता बाहेरच्या बोटींना नावं घेऊन हाका मारते. हवामान वाचून दाखवते, मग एकेक तांडेल आपण कुठे आहोत ते सांगतो. आणि सगळेच्या सगळे खोटं सांगतात. वायरलेस सगळ्यांना ऐकू जातो ना, मग शेवंडांची जागा कोण उघड करणार? पश्चिमेला असलेला पूर्वेला आहे म्हणतो, घळीत असलेला उघड्यावर आहे म्हणतो. थेल्माला कोण किती आणि कुठल्या दिशेला खोटं बोलतो ते पाठ होतं. एखाद्याने उत्तरच दिलं नाही, तर कोणी काळजी करत नसे. गप्प बसला म्हणजे शेवंडांच्या घबाडावर बसलाय, असा सरळ अर्थ. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर त्याची चेष्टा व्हायची, आणि तोही गालात हसायचा.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर बंदरात एलईडी दिव्यांची साथ आली. एकाने डेकवर लावले, ते पांढरं लख्ख ऊन बघून सगळ्यांनाच हवे झाले. नेरिडाला ठाऊक होतं, की हे दिवे दिसायला सोज्वळ, पण पोटात भारी कलकलाटी. म्हणून गिऱ्हाइकांच्या बोटींवर तिने जीव ओतला. दिव्यांची तार वेगळ्या बाजूने नेली, पिळली, कडी घातली, रात्री उभं राहून वायरलेस ऐकला. एकट्या म्हाताऱ्या एरल क्वेडने दिवे घेतले नाहीत. त्याच्या बोटीवर जुने पिवळे बल्ब होते, आणि मला शेवंडं पकडायचीत, त्यांचा फोटो काढायचा नाही, असं तो म्हणाला.

'आयरिस'चा नंबर शेवटी लागला. घरचंच काम ते. कडी संपली होती, होबार्टहून येणारं पार्सल अडकलं होतं, आणि केलला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. वायरलेसच्या अँटेनाची तार ज्या नळीतून खांबावर चढते, त्याच नळीत नेरिडाने दिव्यांची तार सारली. नवी नळी लावायला अर्धा दिवस गेला असता. दिवे लावून पाहिले तर वायरलेसवर फसफस आली, चांगलीच आली. तिने ती ऐकली. केल म्हणाला, राहू दे गं, पुढच्या खेपेला बघू, आणि खरखर गाळायचं बटण त्याने फिरवलं. ते बटण फिरवलं की खरखर ऐकू येत नाही. पण फार फिरवलं तर खरखरीबरोबर लांबचे आवाजही गळून जातात. हे नेरिडाइतकं त्या बंदरात कोणालाच माहीत नव्हतं. तरी ती हो म्हणाली, कारण तिचे हात गारठले होते आणि घरी वॉलबीचा, म्हणजे छोट्या कांगारूचा, रस्सा चुलीवर होता.

पुढे काही दिवस काहीच झालं नाही. केल उजेडात काम करून संध्याकाळी परतायचा, दिवे फारसे लागायचेच नाहीत. कडी आली, ती घरात खिडकीत पडून राहिली.

जूनमधल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका गुरुवारी केल डार्सीला, म्हणजे आपल्या खलाशाला, घेऊन दोन दिवसांसाठी निघाला. सकाळी चहा पिताना त्याने कुठे चाललोय ते हळूच सांगितलं. ते फक्त तिलाच सांगायचा. गॅनेट हेड नावाच्या भूशिराच्या पलीकडे कड्यात एक आडोसा आहे, त्याच्या बापाने शोधलेला. घरात त्याला 'भट्टी' म्हणत, कारण वायव्येचा वारा कितीही सुटला तरी आत ऊबदार आणि शांत. मात्र भट्टीचं तोंड नैर्ऋत्येला. तिकडून वारा आला तर आत लाटा शिरतात आणि बोटीला पळायला जागा उरत नाही. हवामानखात्याने वारा उद्या सकाळी फिरेल म्हटलं होतं, तोवर केल बाहेर पडणार होता.

दुपारीच आभाळ भरून आलं. तीन वाजता नेरिडाला घरात दिवा लावावा लागला. ती टेकाडावर थेल्माकडे जाऊन बसली. थेल्मा चष्मा पुसत नवा इशारा वाचत होती. वादळ पुढे सरकलं होतं. वारा उद्या सकाळी नव्हे, आज संध्याकाळी सहाच्या सुमाराला नैर्ऋत्येकडे फिरणार होता, आणि फार जोराने.

चारला थेल्माने तो इशारा दोनदा वाचला. बोटी एकेक बोलल्या, कुठे आडोसा धरणार ते सांगितलं, अर्थातच खोटं. 'आयरिस'ला तिने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग कोणीतरी मध्येच बोललं, की केलला आज लॉटरी लागलेली दिसते, त्याला त्रास देऊ नका. दोघातिघांचं हसणं ऐकू आलं.

"वादळाचा इशारा ऐकून कोणी गप्प बसतं का?" नेरिडा म्हणाली.

"अगं, पुरुष आहेत. शेवंडं दिसली की यांना आईसुद्धा ऐकू येत नाही," थेल्मा म्हणाली. पण चष्मा तिने पुन्हा पुसला.

थोड्या वेळाने स्पीकरमधून केलचाच आवाज आला, अगदी स्वच्छ. "स्टॅनर्स बे, आयरिस बोलतेय. आज हजेरी विसरलात की काय?"

नेरिडाचा जीव भांड्यात पडला. थेल्माने त्याला चार शब्द सुनावले आणि इशारा पुन्हा वाचला. ती बोलायची थांबली तेव्हा केल म्हणाला, "स्टॅनर्स बे, कोणी आहे का? थेल्मा, झोपलीस का?"

थेल्माने पुन्हा सांगितलं, हळू, एकेक शब्द तोडून. केल मध्येच बोलू लागला. त्याला काही ऐकू येत नव्हतं, हे त्याला माहीतही नव्हतं. त्याला वाटलं, खोलीवरचाच वायरलेस बंद पडलाय.

"बरं, ऐकत असाल तर सांगतो. इथे अंधार लवकर पडला, दिवे लावलेत. नेरीला सांगा, दिवे झकास आहेत. शेवंडाची मिशी न् मिशी दिसते."

वायरलेस बिघडलेला नव्हता. 'आयरिस'च्या खांबावर, एकाच नळीत, तिने स्वतः शेजारी शेजारी सारलेल्या त्या दोन तारा तिच्या डोळ्यांपुढे आल्या. दिवे लागले की बोट बहिरी होत होती. आणि आभाळ जितकं काळं होईल तितके दिवे केल लावणारच.

तिने थेल्माच्या हातातून माइक घेतला. "केल, दिवे बंद कर. केल, नेरी बोलतेय. दिवे बंद कर." ती बोलत राहिली. अधूनमधून थांबून ऐकायची, आणि पुन्हा तेच. बहिऱ्या माणसाला ओरडून सांगण्यासारखंच ते होतं, पण दुसरं करायचं काय? मोबाइलला बंदराबाहेर रेंज नाही. बोटीवर धोक्याचं बटण असतं, पण ते बुडायला लागल्यावर दाबतात, आणि केलला तर आपण धोक्यात आहोत हेच ठाऊक नव्हतं. पोलिसांची बोट होबार्टहून निघाली तरी रात्री पोचणार. हेलिकॉप्टरवाल्यांनी अशा वाऱ्यात कड्याजवळ येता येणार नाही, असं थेल्माला फोनवर सांगितलं, आणि सांगताना त्या माणसाचा आवाज उतरला होता.

केल पुन्हा बोलला. आता मागे लाटांचा आवाज होता. "आज रात्री इथेच थांबतो. गॅनेट हेडच्या पूर्वेला, नेहमीच्या जागी. सगळे दिवे चालू ठेवतोय, म्हणजे कोणी जवळून गेलं तर दिसू."

पूर्वेला म्हणजे साफ खोटं. एकटा, बहिरा आणि अडकलेला असूनही हा माणूस बापाची जागा सांगायला तयार नव्हता. नेरिडाला त्या क्षणी त्याचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की तिकडे जवळ कोणती बोट आहे हेही कोणाला, थेल्मालासुद्धा, नक्की सांगता येणार नाही. दिवसभर बाहेर सात-आठ बोटी होत्या, आणि प्रत्येकाने आपली जागा खोटी सांगितली होती.

थेल्मा म्हणाली, "तू बोल. माझं ऐकून कोणी खरं सांगणार नाही."

नेरिडाने माइक तोंडाशी धरला.

"सगळ्या बोटींनी ऐका. मी नेरिडा. केलला काही ऐकू येत नाहीये. त्याच्या डेकचे दिवे वायरलेसला बहिरं करताहेत. ते दिवे मी बसवले. तुमच्या बोटींवर नीट बसवले, त्याच्या बोटीवर घाई केली. तार अँटेनाच्या नळीतून नेली, कडी घातली नाहीत, आणि फसफस ऐकूनही सोडून दिली. चूक माझी आहे. तो पूर्वेला नाही. गॅनेट हेडच्या पलीकडे, दुसऱ्या घळीत आहे. आम्ही तिला भट्टी म्हणतो. वारा फिरला की तो तिथून निघू शकणार नाही. तुमच्यापैकी तिथे जवळ कोण आहे, खरं सांगा. हात जोडते."

खिडकीबाहेर निलगिरीची झाडं वायव्येच्या वाऱ्याने एका बाजूला वाकलेली होती. त्यांच्याकडे बघायची नेरिडाला हिंमत होईना. ती सरळ झाली की वारा फिरतोय असं समजायचं होतं. मग एक तांडेल बोलला, आपण खरे कुठे आहोत ते सांगितलं. फार लांब होता. दुसरा बोलला, तोही लांब. तिसऱ्याने जागा सांगितली, ती ऐकून एरवी अख्खं बंदर उड्या मारत तिकडे गेलं असतं. चौथा, पाचवा. जन्मभर लपवलेल्या जागा माणसं एकामागून एक उघड्यावर टाकत होती, आणि एकही बोट जवळ नव्हती.

शेवटी एक घोगरा आवाज आला. एरल क्वेड. हजेरीत तो म्हणाला होता, की मी पार उत्तरेला आहे आणि घरी निघालोय.

"मी पुढच्याच घळीत आहे, पोरी. तुझ्या त्या भट्टीला लागून. तुझा सासरा जिवंत होता तेव्हापासून येतोय. उचलतो नांगर."

"एरल, तुम्ही जाल?"

"मग काय इथे बसून तुमची गाणी ऐकू? वेळ लागेल. लाट मोठी आहे. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवा, मला ऐकू आलं पाहिजे."

बाकीच्यांनी तोंड बंद ठेवलं. नेरिडा थेल्माच्या खुर्चीत बसली. थेल्माने चहा पुढे केला, तो तसाच निवला. एरल साठी उलटून गेलेला, बोट त्याची जुनी, आणि आता आपल्यामुळे एक नाही, दोन बोटी त्या कड्याखाली जाताहेत, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. एरलच्या बायकोला फोन करावा का? काय सांगायचं तिला? तिने फोन उचलला नाही.

मग झाडं सरळ झाली. क्षणभर काहीच हललं नाही. आणि दुसऱ्या बाजूने वारा येऊन खिडकीवर असा आदळला की थेल्माने दोन्ही हातांनी काच धरली.

त्याच सुमाराला केल बोलला. त्याचा आवाज नेरिडाला क्षणभर ओळखूच आला नाही.

"स्टॅनर्स बे. कोणी नाहीच आहे ना? वारा फिरलाय. लाटा थेट आत येताहेत. नांगर सरकतोय. तोंडाशी पाणी फुटतंय, कुठून बाहेर पडायचं तेच दिसत नाही." बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज आला, बटण त्याने दाबूनच ठेवलं होतं. "कोणी ऐकत नाहीये म्हणून बोलतो. नेरी, मला भीती वाटतेय. नेहमीच वाटते. दर वेळी धक्का सुटला की वाटते. तुला कधी सांगितलं नाही, कारण तूच इतकी घाबरतेस. दोघांनी घाबरून कसं चालेल? डार्सी पुढे नांगरापाशी आहे, त्याच्यासमोर बोलता येत नाही." पुन्हा पाणी. "तेवढे दिवे आहेत म्हणून बरं. तेवढाच आधार वाटतो."

नेरिडा माइकचं बटण दाबून म्हणाली, "मी ऐकतेय, केल. दिवे बंद कर. मी ऐकतेय." थेल्मा भिंतीकडे तोंड करून उभी होती. बाहेरच्या सगळ्या बोटींनी हे ऐकलं.

किती वेळ गेला ते नेरिडाला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. एरलचा आवाज आला तेव्हा तो दमलेला होता. "दिसला. मोठी आग लागल्यासारखा उजेड आहे. त्याशिवाय घळीचं तोंड मला सापडलं नसतं."

"एरल, त्याला दिवे बंद करायला सांगा, म्हणजे त्याला ऐकू येईल."

"नांगर काय आंधळ्यांनी उचलायचा? राहू देत. आणि माझ्या मागून येताना मला वळून दिसला पाहिजे तो. ऐकायचं काम नाही आता. जवळ जाऊन ओरडतो."

त्यानंतर काहीच नाही. हा मधला वेळ सगळ्यांत वाईट. आधी निदान केलचा आवाज येत होता, आता तोही नाही. नेरिडा सारखी स्पीकरकडे बघत होती, जणू नजर हलवली तर तो कायमचा बंद पडेल. तिने देवाकडे काही मागितलं का, असं ही गोष्ट तिच्याकडून ऐकताना मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, नाही, मी नळीतून ती तार बाहेर ओढत होते, मनातल्या मनात, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी ती अडकत होती.

"निघालो," एरल म्हणाला. "बाहेर आलोय. तो मागे आहे. माझी पुढची काच गेली, मला बोलायला लावू नका."

दोन्ही बोटी बंदरात शिरल्या तेव्हा अर्धं गाव धक्क्यावर जमलं होतं. पुढे एरलची काळी, पिवळ्या मिणमिणत्या बल्बांची बोट, आणि मागे 'आयरिस', नखशिखांत झगमगत. लोकांना डोळ्यांवर हात धरावा लागला. डार्सीने दोर फेकला, कोणीतरी तो बांधला. केल खाली उतरला. भिजून चिंब, ओठ निळे, आणि हसत. बिचाऱ्याचं ते नेहमीचं हसणं. त्याने नेरिडाला असं कवटाळलं की तिचे पाय जमिनीवरून सुटले.

"तुझ्या दिव्यांनी वाचवलं," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "एरल म्हणाला, दिवे नसते तर घळच सापडली नसती. वायरलेसने दगा दिला, पण दिवे बघा, दिवे."

धक्क्यावरच्या प्रत्येकाने चारपासूनचं सगळं घरच्या वायरलेसवर ऐकलं होतं. डार्सी सोडला तर न ऐकलेला एकच माणूस होता, आणि तो तिला जवळ धरून उभा होता. नेरिडाने एरलकडे पाहिलं. तो दोराची गाठ तपासत होता, तपासण्यासारखं काही नसताना. तिला कळलं, की हे सगळे गप्प बसतील. गप्प बसण्यात या माणसांचा हात धरणारा कोणी नाही. तिने मान डोलावली असती, तर केलला मरेपर्यंत पत्ता लागला नसता, आणि तसं करावं असं तिला फार वाटलं.

"वायरलेस चांगला आहे, केल," ती म्हणाली. "दिव्यांमुळे तुला ऐकू येत नव्हतं. मी तार चुकीची घातली. मला त्या दिवशीच कळलं होतं."

केलचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण हात सैल पडले. तो काही तरी जुळवत होता.

"म्हणजे माझं इकडे ऐकू येत होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

त्याने धक्क्यावरच्या माणसांकडे पाहिलं. माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती. तो वळला आणि 'आयरिस'वर चढला. नेरिडा, जिचा पाय वाऱ्यात डोलणाऱ्या बोटीवर कधी पडला नव्हता, त्याच्या मागून चढली. केबिनमध्ये तो खटक्यांसमोर उभा होता. त्याने एकेक करून सगळे खटके खाली पाडले. डेक काळं झालं, धक्का काळा झाला, आणि डोळ्यांना काही दिसेनासं झालं. अंधारात नेरिडाने वायरलेसचं ते बटण चाचपलं आणि उलटं फिरवलं.

आवाज आले. बाहेर कुठकुठल्या घळींत रात्र काढायला थांबलेल्या बोटींचे बारीक, वाऱ्याने फाटलेले आवाज, एकावर एक. केल पोचला का? कोणी सांगेल का? आयरिस आली का? थेल्मा, केलचं काय झालं?

केलने माइक उचलला.

"ऐकतोय," तो म्हणाला. "आयरिस ऐकतेय."